यंत्रांची स्मृती आणि तिची झीज

गेल्या वर्षी मृग लागल्यानंतरच्या आठवड्यात, मनीषनगरच्या उड्डाणपुलावरून उतरून बेसा रस्त्याकडे वळताना, आमच्या टॅक्सीचालक संघटनेच्या एका सभासदाच्या गाडीला एक मोटारसायकल धडकली. मोटारसायकलवरच्या तरुणाचा पाय मोडला. गाडी उभी होती, असे आमचा सभासद म्हणे. गाडी एकाएकी वळली, असे तो तरुण म्हणे. पाऊस धो धो पडत होता व अशा पावसात साक्ष द्यायला कोणी थांबत नाही. तरीपण आमचा सभासद निर्धास्त होता, कारण त्याच्यापाशी एक साक्षीदार होता. पुढच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा सारा रस्ता टिपत असे आणि टिपलेले नखाएवढ्या एका कार्डावर साठवत असे. ते कार्ड त्याने काढले, संघटनेच्या कचेरीत आणले व आम्ही सर्वांनी मिळून संगणकात घालून पाहिले. त्यात शेवटचे चित्र होते मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचे. त्यानंतरच्या पाच महिन्यांतले एक क्षणही त्यात नव्हते.

“भाऊ, क्यामेरा तं चालूच होता ना. लाल लाइट रोज पेटे. मंग काहून नाही निघत?” असे तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आम्हांस उत्तर देता आले नाही. शेवटी कोर्टकचेरी नको म्हणून त्याने पंचेचाळीस हजार रुपये देऊन समेट केला. त्यांपैकी वीस हजार संघटनेने कर्जाऊ दिले. ते तो अजून फेडतो आहे.

त्याच्या त्या ‘काहून’चे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या इतिहासात शिरलो, तो आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीशी थांबले. बाकीचे वाचनालयांत, संपाच्या मांडवात आणि सीताबर्डीवर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या टेबलाशी उभे राहून झाले. (आम्ही एकटे असूनही ‘आम्ही’ म्हणतो, ही युनियनवाल्याची खोड आहे, ती आता जाणार नाही.)

आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात होते. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली ही गिरणी, रिंग पद्धतीचे चाते हिंदुस्थानात आधी वापरून पाहणाऱ्या गिरण्यांपैकी एक. त्या चात्याभोवतीच्या कड्यावर पोलादाचा एक इवलासा आकडा गरगर फिरत असतो. त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. सूत त्याच्यातून जाते व त्याच्या फिरण्याने पीळ बसतो. हा आकडा झिजतो. तो झिजणार हे गिरणीच्या मालकाला माहीत, मास्तरला माहीत, साच्यावरच्या पोरालाही माहीत. म्हणून तो स्वस्त असतो, बोटाने काढता येईल असा बसवलेला असतो, आणि ठरल्या मुदतीने सगळेच्या सगळे आकडे बदलले जातात. सूत तुटेपर्यंत कोणी वाट पाहत नाही. गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली, पण वडिलांच्या पेटीत त्या आकड्यांची एक डबी पुढे बरीच वर्षे होती. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

यंत्राची स्मृती म्हणजे काय, हे आधी पाहू. संगणक चालू असताना त्याच्या डोक्यात जे असते ते वीज गेली की जाते. वीज गेल्यावरही जे राहते, त्यासाठी पूर्वी चुंबकाच्या फिती व तबकड्या असत. १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झे या दोघांनी एक वेगळी कल्पना मांडली. कांग कोरियात जन्मलेले, झे चीनमध्ये. त्यांनी असे सुचवले की सिलिकनच्या तुकड्यावर एक अतिसूक्ष्म कोठडी करावी, तिला चोहोबाजूंनी काचेच्याच जातीच्या पदार्थाने बंद करावे आणि तिच्यात विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, कोंडावेत. कोठडीला दार नाही. म्हणून वीज गेली तरी कण बाहेर पडत नाहीत. कोठडी भरलेली असली तर एक अर्थ, रिकामी असली तर दुसरा. हो आणि नाही, एवढ्या दोन अक्षरांत संगणकाची सारी बाराखडी बसते, हे आपण जाणताच.

आता दार नसलेल्या कोठडीत कण घालायचे कसे आणि काढायचे कसे? १९७१ साली इंटेल कंपनीत डॉव्ह फ्रोमन यांनी ह्या तत्त्वावर जी वस्तू बनवली, तिच्या पाठीवर स्फटिकाची एक खिडकी होती. पुसायचे असेल तेव्हा खिडकीतून अतिनील किरण सोडावयाचे. मिनिटे मोजत बसावे तेव्हा कोठड्या रिकाम्या होत. पुढे विजेनेच पुसण्याची युक्ती निघाली, पण ती कोठडी मोठी आणि महाग पडे.

हा प्रश्न सोडवला तो जपानच्या तोशिबा कंपनीतील एका नोकरदार अभियंत्याने. फुजिओ मासुओका हे त्यांचे नाव. जन्म १९४३ चा. कोठड्या एकेक करून न पुसता गठ्ठ्याने पुसाव्यात, म्हणजे प्रत्येकीला स्वतंत्र सरंजाम लागणार नाही आणि वस्तू स्वस्त होईल, हा त्यांचा विचार. १९८४ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी तो जगापुढे मांडला, आणि १९८७ मध्ये त्याचीच नँड नावाची आणखी दाट व आणखी स्वस्त जात पुढे आणली. एका क्षणात सारे पुसले जाते हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांस कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली व त्यांनी ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. आज आपल्या खिशातला मोबाईल, कॅमेऱ्यातले कार्ड, मोटारीतला पडदा, ह्या सर्वांची आठवण ह्या एका शोधावर उभी आहे.

त्या शोधाचे मासुओकांना काय मिळाले, हे युनियनवाल्याने विचारल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्यांनी १९९४ साली कंपनी सोडली व ते तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावला आणि १०० कोटी येन मागितले. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. मागणीच्या रकमेशी ताडून पाहिले तर शेकडा नऊसुद्धा नाही. आम्ही वेतनकरारांच्या वाटाघाटी बऱ्याच केल्या आहेत; मागणीच्या शेकडा नऊ घेऊन गेटबाहेर आलो असतो तर सभासदांनी आम्हांस घरी पोचू दिले नसते. पण त्यांच्या पाठीशी युनियन नव्हती, आणि शोध लावणारा माणूस स्वतःला कामगार समजत नाही, हेही खरे.

आता झिजेकडे वळू. कोठडीला दार नाही, तेव्हा कण आत घालायचे म्हणजे जोराचा विजेचा दाब देऊन भिंतीतूनच घुसवायचे. ती भिंत केवढी? सुमारे दहा नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा काही हजारांवा हिस्सा. असे घुसताना काही कण भिंतीतच अडकतात आणि भिंतीला सूक्ष्म इजा होते. एका वेळी ती इजा नगण्य असते. परंतु विहिरीच्या काठाच्या दगडालाही दोराने एका दिवसात खाच पडत नाही. हजारो वेळा भरणे-रिकामे करणे झाले की भिंत गळू लागते, किंवा भिंतीतच इतके कण रुतून बसतात की कोठडी भरली आहे की रिकामी हे कळेनासे होते. नुसते वाचल्याने झीज जवळपास होत नाही. झीज होते ती लिहिण्या-पुसण्याने. त्यात मासुओकांच्या स्वस्ताईची एक किंमत अशी की गठ्ठ्याने पुसावे लागते. एक ओळ बदलायची तरी तिच्या शेजारच्या शेकडो ओळी दुसरीकडे उतरवून सारा गठ्ठा पुसावा लागतो. लिहिणारा समजतो आपण एक ओळ लिहिली. आत पाने लिहिली जातात.

आरंभी एका कोठडीत एकच अक्षर ठेवीत. अशा कोठड्या लाखाच्या घरात पुसणे सोसत. पुढे स्पर्धा वाढली, तशी त्याच जागेत जास्त भरण्याची घाई झाली. एका कोठडीत दोन अक्षरे, मग तीन, मग चार. एका खोलीत एक बिऱ्हाड होते तेथे चार कोंबली. भरली की रिकामी एवढेच ओळखायचे होते, तेथे आता रिकामी, थोडी, बरीच, भरलेली असे बारीक भेद ओळखावे लागतात. मग भिंत थोडी गळली तरी घोटाळा होतो. दोन अक्षरांच्या कोठडीचे आयुष्य तीन ते दहा हजार खेपांवर आले, तीन अक्षरांच्या कोठडीचे पुष्कळदा हजाराच्या आसपास. किंमत उतरत गेली आणि आयुष्यही उतरत गेले. दुकानात किंमत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते.

आमच्या सभासदाच्या कार्डाचा हिशेब आम्ही सीताबर्डीच्या एका पोराबरोबर बसून मांडला. कार्ड ३२ जीबीचे. कॅमेरा तासाला सुमारे पाच जीबी लिहितो. टॅक्सी दिवसाला दहा तास चालते, म्हणजे पन्नास जीबी. अर्थात संपूर्ण कार्ड रोज दीड वेळा पुसून लिहिले जाते. हजार खेपांचे आयुष्य धरले तरी दोन वर्षे पुरी होत नाहीत, आणि हलक्या कार्डाची गोष्टच वेगळी. त्याने ते बसवून दीड वर्ष झाले होते. कार्ड थकले की पुष्कळदा आपले दार लावून घेते. जुने वाचू देते, नवे लिहू देत नाही. कॅमेरा मात्र आपला लाल दिवा लावून बसलेला. शिवाय उष्णतेने कोंडलेले कण लवकर गळतात. आपल्या नागपूरचा मे महिना आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी, ह्यांविषयी आपणांस वेगळे सांगावयास नको.

एवढ्यावर हा प्रश्न शेपाचशे रुपयांच्या कार्डाचा आहे असे वाटेल. पण हीच वस्तू मोटारीच्या पोटात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, पाटीवर डाख देऊन कायमची बसवली तर काय होते?

टेस्ला कंपनीची मॉडेल एस ही विजेची मोटार २०१२ च्या जूनमध्ये अमेरिकेत गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली. तिच्यात बटणे जवळजवळ नव्हती. मधोमध १७ इंचांचा एक पडदा, आणि हवा, काच, दिवे, मागचा कॅमेरा, सारे त्या पडद्यावर बोट ठेवून चालवायचे. लोक हरखून गेले, आणि हरखण्यासारखेच ते होते. त्या पडद्यामागच्या संगणकाला ८ जीबीची फ्लॅश स्मृती दिलेली होती. तिच्यावर गाडीचा कारभार चालवणाऱ्या आज्ञा तर होत्याच, शिवाय गाडी आपली रोजनिशीही तिच्यावरच लिहीत असे. ही रोजनिशी कोणी माणूस सहसा वाचत नाही. तरी ती अहोरात्र लिहिली जात होती.

२०१८, २०१९ च्या सुमारास जुन्या गाड्यांचे पडदे काळे पडू लागले. तक्रारी साचल्या, आणि २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी उघडली. नोव्हेंबरात ती वरच्या पायरीला नेली, तेव्हा कंपनीने स्वतः दिलेले आकडे बाहेर आले. २,३९९ तक्रारी व कार्यस्थळाचे अहवाल. हमीच्या मुदतीत संगणक बदलल्याचे ७,७७७ दावे. आणि हमीच्या मुदतीबाहेर बदलल्याचे ४,७४६. ह्या शेवटच्या आकड्याशी आम्ही थांबलो. गाडीची सर्वसाधारण हमी चार वर्षांची. ही स्मृती सुमारे ३,००० खेपांनी संपते, व प्रशासनाच्या म्हणण्याप्रमाणे त्यास रोजच्या वापरात पाच ते सहा वर्षे लागतात. म्हणजे हमी संपते आणि मग भाग संपतो. कोणी मुद्दाम तसे जुळवले असे आमचे म्हणणे नाही. पण तोटा कोणाच्या अंगणात पडतो ते पाहावे.

येथेही आम्ही हिशेब केला. ८ जीबीच्या ३,००० खेपा म्हणजे २४,००० जीबी. साडेपाच वर्षांचे दिवस सुमारे दोन हजार. दिवसाला बारा जीबी. म्हणजे संपूर्ण स्मृती रोज दीड वेळा. आमच्या सभासदाच्या कार्डाचा आकडाही दीडच निघाला होता. तो निव्वळ योगायोग आहे, पण कागदावर दोन्ही आकडे शेजारी उमटले तेव्हा आम्ही आणि तो पोरगा एकमेकांकडे पाहत राहिलो. लाखो रुपयांची गाडी आणि काचेवरचा कॅमेरा एकाच दुखण्याने गेले होते.

पडदा गेला म्हणजे गाणी गेली, एवढेच नाही. मागचा कॅमेरा जातो, काचेवरची वाफ घालवण्याची सोय हाती राहत नाही, दिशादर्शक दिव्यांचा इशाऱ्याचा आवाज बंद होतो. म्हणून प्रशासनाने १३ जानेवारी २०२१ रोजी पत्र लिहून सुमारे १,५८,००० गाड्या परत बोलवाव्यात असे कंपनीस सांगितले. भाग ठरल्या खेपांचाच असल्यामुळे हे सारे संगणक आज ना उद्या निकामी होणारच, हे कंपनीने मान्य केल्याचे त्या पत्रात नमूद आहे. फेब्रुवारीच्या आरंभी कंपनीने १,३४,९५१ गाड्या परत बोलावल्या, ८ जीबीच्या जागी ६४ जीबीची स्मृती फुकट बसवून देण्याचे कबूल केले. आठपट जागा, तेव्हा तेवढ्याच लिखाणाने झीज आठपट सावकाश.

परंतु कंपनीने हा दोष आहे असे मानले नाही. असला भाग मोटारीच्या सबंध आयुष्यभर टिकावा ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या, किंबहुना तांत्रिकदृष्ट्याही, अव्यवहार्य आहे, असा तिचा युक्तिवाद होता. हे वाचून आमचे काही तरुण सहकारी खवळले. आम्ही खवळलो नाही. कारण ह्या युक्तिवादाचा अर्धा भाग आमच्या वडिलांनीही मान्य केला असता. ट्रॅव्हलर कुठे साच्याच्या आयुष्याइतका टिकतो? झिजणारी वस्तू झिजणारच. पण मग ती झिजणार आहे हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगावे; ती बोटाने नाही तरी निदान पान्याने काढता येईल अशी बसवावी; किती झिजली ते पडद्यावर दाखवावे, जसा पेट्रोलचा काटा दाखवतात. टायर झिजतो म्हणून कोणी टायरला चाकाशी डाख देत नाही. येथे उलट होते. भाग झिजणारा, पण बसवलेला न झिजणाऱ्यासारखा. आणि तो संपला की त्या चिमुकल्या तुकड्यापायी संगणकाची सबंध पाटी बदलायची.

हे शक्य नव्हते असेही नाही. मंगळावर २००४ च्या जानेवारीत उतरलेली ऑपर्च्युनिटी नावाची गाडी नव्वद दिवसांच्या कामासाठी पाठवलेली होती. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, तिच्या फ्लॅश स्मृतीतही झिजलेल्या कोठड्या त्रास देऊ लागल्या. तेथे तर कोणी पाना घेऊन जाणार नव्हते. अभियंत्यांनी पृथ्वीवरून ती स्मृती पुसून नव्याने मांडली, तरी भागेना तेव्हा त्या स्मृतीवाचूनच, दिवसाचे काम दिवसा पृथ्वीला कळवून, गाडी चालवली. ती २०१८ पर्यंत चालली. त्यांच्या गाडीचा मालक तेच होते, दुरुस्तीवालेही तेच आणि तोटा सोसणारेही तेच. तेव्हा झिजेची काळजी त्यांनी केली ह्यात नवल नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणेल. त्या जुन्या मॉडेल एस आपल्याकडे विकल्या गेल्या नाहीत. टेस्लाचे पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात १५ जुलै २०२५ रोजी उघडले. पण विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग २६ मे २०१७ रोजी झाला तो नागपुरातच, येथून हाकेच्या अंतरावरच्या विमानतळाच्या वाऱ्या करणाऱ्यांना घेऊन. आज रांजणगावला, चाकणला विजेच्या मोटारी बनतात, त्यांच्या पुढ्यात एकेक, दोन-दोन, तीन-तीन पडदे असतात. त्यांतल्या स्मृतीत काही दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तुकडा तोच, निसर्गाचा नियम तोच; म्हणून प्रश्न विचारला पाहिजे, इतकेच. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्यापुढच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाईल व घरगुती उपकरणे ह्यांच्याबरोबर मोटारीही होत्या. तेव्हा आम्ही काही वेडगळ विचारतो असे नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या तीन सभासदांनी विजेच्या गाड्या घ्यायचे ठरवले. कर्ज साठ हप्त्यांचे. त्यांना घेऊन आम्ही तीन विक्रेत्यांकडे गेलो व प्रत्येकाला तोच प्रश्न केला: पडद्यामागच्या स्मृतीवर रोज किती लिहिले जाते, ती किती खेपांची आहे, आणि ती संपली तर एकटी बदलता येते की सारी पाटी बदलावी लागते? पहिला म्हणाला, बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे. आम्ही म्हटले, बॅटरीचे विचारले नाही. मग त्याने कागद पाहून सांगितले की पडद्याला तीन वर्षांची. हप्ते पाच वर्षांचे, हमी तीन वर्षांची. मधली दोन वर्षे कोणाची, हे त्याने सांगितले नाही. दुसऱ्याने आम्हांस चहा पाजला. तिसरा पोरगा प्रामाणिक होता. त्याने प्रश्न वहीत लिहून घेतला, वरच्या कचेरीला पाठवला आणि आमचा फोन नंबर घेतला. ह्या गोष्टीला आता पाच महिने झाले.

तिघांपैकी दोघांनी गाडी घेतली. त्यांना धंदा करावयाचा आहे. उत्तराची वाट पाहून हप्ता आणि पोट चालत नाही. पाय मोडलेल्या तरुणाशी समेट करणारा आमचा तो सभासद अजून जुनीच गाडी चालवतो. त्याने कॅमेऱ्याला नवे कार्ड घातले आहे, त्यावर काळ्या शाईने तारीख लिहिली आहे, आणि दर रविवारी सकाळी तो ते काढून कालचा रस्ता त्यात आहे की नाही ते पाहतो.